स्टॅम्पपेपरने सुटका होत नाही: कोकणातून घटस्फोटाची वाट

तालुका कोर्टाच्या व्हरांड्यात विधी स्वयंसेवक म्हणून बसायला लागल्यापासून एक कागद मी इतक्या वेळा पाहिलाय की तो दुरूनच ओळखते. स्टॅम्पपेपर, पूर्वी शंभरचा असायचा, आता पाचशेचा असतो. वर ठळक अक्षरात ‘सोडचिठ्ठी’, खाली दोघांच्या सह्या, वाडीतल्या दोघा मानकऱ्यांच्या साक्षी आणि नोटरीचा शिक्का. मुलीसोबत आई आलेली असते आणि तिचा प्रश्न ठरलेला असतो, “कागद झालो, मगे आता काय रवला?”

सगळंच राहिलेलं असतं. त्या कागदाने घटस्फोट होत नाही. नोटरीने फक्त तुमची सही तुमचीच आहे, एवढं पाहिलेलं असतं. लग्न मोडायचा अधिकार नोटरीला नाही, गावकीला नाही, भावकीला नाही आणि मुंबईच्या ग्रामस्थ मंडळालाही नाही. तो कोर्टाला आहे. काही समाजांत काडीमोडाची जुनी रूढी आहे आणि हिंदू विवाह कायद्याने ती मोडीत काढलेली नाही, हे खरं. पण आपल्या समाजात ती रूढी पूर्वापार आणि अखंड चालत आली आहे, हे उद्या कोर्टात पुराव्याने सिद्ध करायची पाळी आली तर भल्याभल्यांची दमछाक होते. म्हणजे कोर्ट काही टळत नाही, नुसतं पुढे ढकललं जातं. मधल्या काळात त्या कागदाच्या भरवशावर कुणी दुसरं लग्न केलं तर ते लग्न रद्दबातल ठरतं, आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली सात वर्षांपर्यंतची शिक्षा डोक्यावर लटकते.

गावकीची बैठक अगदीच निरुपयोगी असते असं मी म्हणणार नाही. दागिने परत करायचे, मुलांची भेट ठरवायची, दोघांनाही शांत करायचं, ही कामं कधीकधी तिथे कोर्टापेक्षा लवकर होतात. फक्त तिथे ठरलेलं कोर्टात नेऊन पक्कं करायचं असतं. आणि बैठकीत ऐकलं नाही म्हणून कुणी वाळीत टाकायची भाषा केली, तर त्यावर महाराष्ट्रात २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे. तो कायदा यावा म्हणून जो आवाज उठला, त्यात रायगड जिल्ह्यातल्या प्रकरणांचा मोठा वाटा होता.

आधी बघा, तुमचं लग्न कोणत्या कायद्यात बसतं

हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख यांना १९५५ चा हिंदू विवाह कायदा लागू होतो. कोकणात बौद्ध वस्ती मोठी आहे आणि “आमचं लग्न बौद्ध पद्धतीने झालं, मग हिंदू कायदा कसा?” हा प्रश्न मला नेहमी येतो. विधी तुमचाच, घटस्फोटाचा कायदा मात्र हाच.

दुसरा गोंधळ ‘रजिस्टर लग्ना’चा. मांडवात लग्न लावून नंतर ग्रामसेवकाकडे नोंद केली असेल, तर ती फक्त नोंद. कायदा बदलत नाही. विशेष विवाह कायदा १९५४ लागतो तो विवाह अधिकाऱ्यापुढे महिनाभराची नोटीस देऊन त्याच कायद्याखाली लग्न केलेल्यांना. नोंदच केलेली नसेल तरी घाबरू नका. पत्रिका, फोटो, लग्न लावणारे भटजी किंवा हजर असलेले नातेवाईक, एवढ्यावर लग्न सिद्ध होतं.

मुसलमान बहिणींसाठी वाट वेगळी आहे. फोनवरून, व्हॉट्सॲपवरून एका दमात दिलेला तलाक २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा ठरवला आणि २०१९ च्या कायद्याने तो तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा झाला. आखातात नोकरीला असलेल्या नवऱ्याने तिकडून मेसेज पाठवला म्हणून संसार संपत नाही. बाईला स्वतःहून सुटायचं असेल तर ‘खुला’, म्हणजे बाईने मागायचा तलाक आहे, ‘मुबारात’, म्हणजे दोघांच्या संमतीचा तलाक आहे, आणि १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्याखाली ती कोर्टात जाऊ शकते. नवऱ्याचा चार वर्षं ठावठिकाणा नसेल किंवा त्याने दोन वर्षं पोसलं नसेल, ही त्यातली दोन कारणं.

ख्रिस्ती जोडप्यांना १८६९ चा घटस्फोट कायदा लागतो. वेंगुर्ले-सावंतवाडीकडच्या कुटुंबांनी एक लक्षात ठेवावं: चर्चने लग्न रद्द ठरवलं तर तो धर्माचा निर्णय झाला, कायद्याने मोकळं व्हायला कोर्टाचा हुकूमनामा, म्हणजे घटस्फोटाचा लेखी आदेश, लागतोच. दोडामार्ग-बांद्याकडून गोव्यात सोयरीक करून तिथेच लग्नाची नोंद झाली असेल, तर गोव्याचा कौटुंबिक कायदा मुळातच निराळा आहे आणि नवरा-बायकोच्या मालमत्तेचा हिशेबही निराळा. अशा वेळी इकडच्या वकिलाला विचारून थांबू नका, पलीकडच्यालाही गाठा.

इथून पुढे मी जे सांगतेय ते मुख्यतः हिंदू विवाह कायद्याचं.

मग ठरवा, कोर्ट कुठलं

कोकणातल्या संसाराची अर्धी भानगड इथेच असते. लग्न गावच्या घरी, संसार डोंबिवली-विरारच्या खोलीत, भांडण झाल्यावर बायको माहेरी आणि नवरा मुंबईतच. मग कोर्ट कुठलं? लग्न जिथे लागलं, समोरचा जिथे राहतो किंवा दोघं शेवटचे एकत्र जिथे राहिले, यांपैकी कुठलंही चालतं. २००३ पासून बायकोसाठी चौथा पर्याय आला: ती आता जिथे राहते तिथे. म्हणजे माहेर गुहागरला असेल तर वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयात दर तारखेला कोकणकन्या पकडून जायची गरज नाही.

नवऱ्याने आधीच मुंबईत अर्ज टाकला असेल, तर केस आपल्याकडे वर्ग करून घेण्यासाठी उच्च न्यायालयात अर्ज करता येतो. लहान मूल, प्रवासाचं अंतर, सोबतीला कुणी नसणं, ही कारणं तिथे ऐकली जातात. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाचं उच्च न्यायालयाचं काम १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे गेलंय. रायगडचं मुंबईलाच आहे. जिथे स्वतंत्र कुटुंब न्यायालय नाही तिथे हे अर्ज दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्यापुढे चालतात. तुमच्या तालुक्याला ते कोर्ट नसेल तर कुठल्या गावी बसतं, ते कोर्टातल्या विधी सेवा समितीत विचारा.

त्या समितीची ओळख वेळीच करून घ्या. १९८७ च्या कायद्याप्रमाणे कोणत्याही बाईला मोफत वकील मिळतो. तिचं उत्पन्न कितीही असो, दाखला मागायचा नाही. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसांना आणि अपंगांनाही तो हक्क आहे, म्हणजे पुरुषांनाही. फोनवर विचारायचं तर १५१०० हा क्रमांक फुकट लागतो. “फुकटचा वकील कसला असणार?” असं कुजबुजणारे भेटतील. मी पैसे घेऊन तारखेला न येणारेही पाहिलेत.

मारहाण असेल तर क्रम बदला

घटस्फोटाला वेळ लागतो, सुरक्षिततेला लागता कामा नये. अंगावर हात पडत असेल, घराबाहेर काढलं असेल, तर आधी २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्याखाली अर्ज करा. जिल्ह्याच्या महिला व बालविकास विभागाचे संरक्षण अधिकारी तो लिहायला मदत करतात. सखी केंद्रात, म्हणजे बायकांसाठीच्या सरकारी मदत केंद्रातही वाट दाखवतात. तातडीला ११२, सल्ल्याला १८१. या अर्जात संरक्षण, खर्च आणि राहायचा हक्क तिन्ही मागता येतात. घर सासऱ्याच्या नावावर आहे म्हणून तुमचा राहायचा हक्क आपोआप संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलंय. आणि हा अर्ज केला म्हणून घटस्फोट घ्यावाच लागतो असंही नाही.

कागद गोळा करा, आणि बोलायच्या आधी करा

घर सोडल्यावर कपाट उघडायला मिळत नाही. म्हणून दोघांचं आधार, लग्नाची पत्रिका आणि फोटो, नोंदणी दाखला, मुलांचे जन्मदाखले, शाळेच्या पावत्या, दवाखान्याचे कागद, बँकेचं पासबुक यांचे फोटो मोबाइलमध्ये घेऊन माहेरच्या कुणाला तरी पाठवून ठेवा. दागिन्यांची यादी करा: मंगळसूत्र, पाटल्या, नथ, कुणी घातलं, पावती आहे का. माहेरच्यांनी आणि सासरच्यांनी तुमच्या अंगावर घातलेलं ते स्त्रीधन, मालकी तुमची. सासूच्या लॉकरमध्ये ठेवलं म्हणून ती बदलत नाही.

आता पैशाचं. मुंबईच्या नोकरदाराचं उत्पन्न पगारपत्रावर दिसतं, पण बागायतदाराचं कसं दाखवणार? इथे घोडं नेहमी अडतं. नवरा कोर्टात सांगतो, यंदा आंबा आलाच नाही. मग सातबारा काढा; डिजिटल सहीचा उतारा ऑनलाइन १५ रुपयांत मिळतो. त्यावर पीकपाहणीत कोणतं पीक किती क्षेत्रावर आहे ते असतं. वाशीच्या दलालाकडून आलेल्या पट्ट्या, म्हणजे आंबा विक्रीचे हिशेब, बाग खंडाने दिली असेल तर त्याचा व्यवहार, होडीतला हिस्सा, घरगुती खानावळीची किंवा होमस्टेची जाहिरात, सगळं उपयोगी. २०२० च्या एका निकालाने सर्वोच्च न्यायालयाने पोटगीच्या प्रत्येक केसमध्ये दोघांनीही उत्पन्न, मालमत्ता आणि कर्ज यांचं शपथपत्र द्यायचं बंधनकारक केलंय. त्यात खोटं लिहिणाऱ्याला हे कागद पुरे पडतात. तुमचंही शपथपत्र असतं हे विसरू नका. शिवणकामाचे चार पैसे मिळत असतील तर लिहा.

सहमती जमत असेल तर तीच वाट

सहमतीच्या घटस्फोटाला तीन गोष्टी लागतात: अर्जापूर्वी किमान एक वर्ष वेगळे राहिलेले असणं, पुन्हा एकत्र नांदणं शक्य नसणं, आणि दोघांची मनापासून तयारी. वेगळे म्हणजे वेगळ्या छपराखालीच असं नाही. एकाच घरात राहूनही नवरा-बायको म्हणून नातं संपलेलं असू शकतं, फक्त ते पटवून द्यावं लागतं.

दोघं मिळून एकच अर्ज करतात. सोबत सहमतीच्या अटी जोडतात. न्यायाधीश दोघांचे जबाब घेतात आणि केस सहा महिने थांबते, दोघांनी विचार करावा म्हणून. सहा ते अठरा महिन्यांच्या आत दोघांनी पुन्हा येऊन “आमचं ठरलेलंच आहे” असं सांगितलं की हुकूमनामा होतो. सहा महिन्यांची अट कोर्ट माफ करू शकतं, हे २०१७ च्या निकालापासून आहे: दोघं बराच काळ, म्हणजे साधारण दीड वर्ष, वेगळे असतील, समेटाचे प्रयत्न फसले असतील आणि पोटगी, ताबा वगैरे सगळं मिटलेलं असेल तर. पण ती माफी मागायची असते, गृहीत धरायची नसते. हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कुणीही संमती मागे घेऊ शकतं, हेही लक्षात असू द्या.

अटी लिहिताना वकिलाकडून मोघम वाक्यं घेऊ नका. “योग्य ती रक्कम देण्यात येईल” याचा कोर्टात काही उपयोग नाही. किती रक्कम, कुठल्या तारखेला, डीडीने की खात्यावर, दागिन्यांतल्या कुठल्या वस्तू कोण कधी देणार, मुलं मे महिन्याच्या सुट्टीत किती दिवस आणि गणपतीत कुणाकडे. हे शेवटचं हसण्यावारी नेऊ नका. आपल्याकडे वर्षभर गप्प असलेला बाप चतुर्थीला मूल न्यायला दारात उभा राहतो आणि पुन्हा पोलीस ठाणं. सगळी रक्कम दुसऱ्या जबाबाआधी किंवा त्याच दिवशी कोर्टासमोर हातात पडेल, अशी अट घाला. आणि “पोटगीचा हक्क सोडला” असं वाक्य दिसलं तर थांबून विचार करा. तुम्ही तुमचा सोडाल. मुलाचा हक्क तुमच्या सहीने जात नाही.

एका गोष्टीचा मला राग येतो. “गणपतीला सगळे येतील तेव्हा बसू”, मग “शिमग्याला बघू”, असं करत दोन-तीन वर्षं जातात. पाहुणे, आरत्या, पालखी यांत बसायला कुणालाच वेळ नसतो. ठरलेल्या तारखेला, वकील समोर ठेवून, दुपारी दोन तास बसा.

सहमती नसेल तर

लग्नाला वर्ष व्हायच्या आत अर्ज करता येत नाही, फारच असह्य परिस्थिती असेल तर कोर्टाची परवानगी लागते. मग कारण द्यावं लागतं: शारीरिक किंवा मानसिक क्रूरता, लागोपाठ दोन वर्षं सोडून जाणं, बाहेरचे संबंध, धर्मांतर, सोबत राहणं अशक्य करणारा मानसिक आजार, आणि सात वर्षं जिवंत असल्याची खबर नसणं. बाहेरचे संबंध २०१८ पासून गुन्हा राहिले नाहीत, पण घटस्फोटाचं कारण आहेतच. “आमचं पटत नाही” हे एकट्याने मागताना कारण होत नाही. संसार सुधारण्यापलीकडे मोडलाय म्हणून घटस्फोट देण्याची ताकद सर्वोच्च न्यायालयाने स्वतःपुरती मान्य केलीय, २०२३ मध्ये. आपल्या तालुक्याच्या कोर्टात ते चालत नाही.

पुढचा क्रम असा. अर्ज दाखल झाला की बेलीफ, म्हणजे कोर्टाचा माणूस, समोरच्याला समन्स बजावतो. इथे पत्ता बरोबर हवा. गावचा पत्ता दिला आणि माणूस नालासोपाऱ्यात, की तारखा नुसत्या समन्ससाठी जातात. दोन्ही पत्ते द्या. तो लेखी म्हणणं देतो. मधे मध्यस्थीला पाठवतात. तिथलं बोलणं गोपनीय असतं आणि केसमध्ये वापरता येत नाही, म्हणून मोकळेपणाने बोला. मग तुमचं सरतपासाचं शपथपत्र, म्हणजे तुमची लेखी साक्ष, त्यावर उलटतपास, म्हणजे समोरच्या वकिलाचे प्रश्न, समोरच्याचा पुरावा, युक्तिवाद, निकाल. समन्स मिळूनही तो आलाच नाही तर एकतर्फी निकाल होऊ शकतो. सहा महिन्यांत संपवायचा प्रयत्न करावा असं कायद्यात लिहिलंय. प्रत्यक्षात वर्षं जातात, मे महिन्याची आणि दिवाळीची सुट्टी वेगळी. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. चढलात तर मात्र तारीख चुकवू नका. एसटीला बायकांना अर्धं तिकीट आहे, पावसाळ्यात आदल्या दिवशी निघा.

उलटतपासात एकच सल्ला: जे आठवत नाही ते “आठवत नाही” म्हणा. मोठं नाट्य रंगवणारी साक्ष पहिल्या तारखेच्या विसंगतीवर कोसळते. सासरच्या घरातल्या सगळ्यांची, अगदी लग्न होऊन सांगलीला गेलेल्या नणंदेचीही नावं तक्रारीत घालायचा मोह होतो. त्याने खरी तक्रारही पातळ होते.

केस चालू असताना खर्चाला पैसे हवेत तर त्याच केसमध्ये अंतरिम पोटगी मागा. कायद्यात ती नवऱ्यालाही मागता येते, ऐकून पुष्कळांना धक्का बसतो. घटस्फोट नको, फक्त खर्च हवा, तर नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ आहे. जुन्या लोकांच्या तोंडी अजून जुन्या संहितेतलं ‘एकशे पंचवीस’च आहे. तो अर्ज कुठल्याही धर्माची बाई करू शकते. पोटगी अर्ज केल्याच्या तारखेपासून मिळते, म्हणून उशीर कराल तितके महिने तुमचे गेले.

मुलं आणि सातबारा

पाच वर्षांखालचं मूल सहसा आईकडे राहतं. त्यापुढे कोर्ट मुलाचं हित बघतं. शाळा कुठे, सांभाळणारं कोण, आणि मूल जाणतं असेल तर त्याला काय हवं. आईची कमाई कमी म्हणून ताबा जात नाही, त्यासाठीच तर बापाकडून मुलाचा खर्च असतो.

“सातबाऱ्यावर माझं नाव लावून द्या” ही मागणी मी बैठकीत कायम ऐकते. बायको म्हणून नवऱ्याच्या वडिलोपार्जित जमिनीत तुम्हाला वाटा मिळत नाही आणि घटस्फोटानंतर तुम्ही त्याच्या वारसही राहत नाही. मुलांचा वडिलोपार्जित हिस्सा मात्र कायम, मुलीचा मुलाइतकाच. तेव्हा तुमच्यासाठी कायमची पोटगी किंवा एकरकमी पैसे मागा, मुलांसाठी त्यांचा हिस्सा सोडला जाणार नाही हे पाहा, आणि आंब्याच्या कलमांवरून भांडण लावून सहा वर्षं घालवू नका.

हुकूमनामा झाल्यावर

अपिलाची मुदत ९० दिवस असते. ती संपल्याशिवाय दुसरं लग्न ठरवू नका, साखरपुडाही नको; घाईने अपील दाखल होतं. कोर्टाच्या नक्कल विभागातून हुकूमनाम्याच्या दोन-तीन सहीशिक्क्याच्या प्रती काढा. मग बँक, विमा, भविष्यनिर्वाह निधी यांतली नॉमिनीची नावं बदला. ती घटस्फोटाने आपोआप बदलत नाहीत. शिधापत्रिका, आधारवरचा पत्ता, मुलांच्या शाळेचे कागद, पासपोर्ट, जिथे नाव बदलायचं तिथे ही प्रत लागते. माहेरचं आडनाव परत लावायची सक्ती नाही, ठेवायचं की बदलायचं ते तुम्ही ठरवा.

आणि ती प्रत लॅमिनेट करू नका. आपल्या हवेत बुरशी धरेल म्हणून बऱ्याच जणी करतात, मग कोर्टाचा शिक्का खरा की खोटा ते कुणाला पाहता येत नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, कडुनिंबाची दोन पानं टाकून, पत्र्याच्या पेटीत ठेवा.